प्रेमाचा उसना शब्द

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन नावाचे जुने बंदर आहे. तिथल्या ब्रुग्गेन या धक्क्यावर लाकडी वखारींची रांगच्या रांग उभी आहे. ४ जुलै १९५५ रोजी या वखारींना आग लागली आणि त्यांतला बराच भाग जळून गेला. गाव हळहळले. पण राखेखालची जमीन खणायला घेतली तेव्हा संशोधकांच्या हाती वेगळेच घबाड लागले. ओल्या मातीत शतकानुशतके टिकून राहिलेल्या लहान लहान लाकडी काठ्या, आणि त्यांवर सुरीने कोरलेली अक्षरे! ही अक्षरे 'रून' लिपीतली. रोमन लिपी येण्यापूर्वीपासून उत्तरेकडचे लोक ही लिपी वापरत. असे ६०० हून अधिक लेख त्या धक्क्यावर सापडले. त्यांतले बहुतेक १२ व्या ते १४ व्या शतकातले.

या लेखांत मालावर बांधायच्या, मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, देवाचा धावा आहे, इथे छापता येणार नाही असा चावट मजकूरही आहे. आणि प्रेमाचे निरोप आहेत. एका काठीवर कुणीतरी कुणाला तरी विनवले आहे : माझी आठवण ठेव, मलाही तुझी आठवण आहे, माझ्यावर प्रेम कर, माझेही तुझ्यावर आहे. लिहिणारा पुरुष की स्त्री, कळायला मार्ग नाही. निरोप पोहोचला की नाही, तेही नाही.

गंमत पुढेच आहे. त्या काठीवर प्रेम करण्यासाठी जे क्रियापद कोरले आहे ते 'उन्ना'. त्याचेच नाम 'आस्त', म्हणजे प्रेम. आज बर्गनच्या शाळेतल्या एखाद्या मुलाला विचारा, प्रेमाला तुमच्या भाषेत काय म्हणतात? तो 'आस्त' म्हणणार नाही. 'उन्ना' हा शब्द त्याला माहीत असेल, पण त्याचा अर्थ आता इतकाच उरला आहे : दुसऱ्याचे भले झाले तर त्यात जळफळाट नसणे, 'खुशाल मिळू दे त्याला' असे मनापासून वाटणे. (हीसुद्धा प्रेमाची काही वाईट व्याख्या नव्हे!) मग प्रेमाला तो काय म्हणेल? तो जो शब्द सांगेल तो मुळात त्याच्या भाषेचा नाहीच. तो बाहेरून उसना आणलेला आहे.

फ्रान्सहून आलेला पाहुणा

स्वीडिश भाषेत प्रेमाला 'शेर्लेक' म्हणतात. लिहिताना पहिले अक्षर 'क' चे, पण उच्चार 'श' च्या जवळचा. डॅनिशमध्ये 'केर्लिहेद' आणि नॉर्वेत 'श्येर्लिहेत'. तिन्ही शब्दांचा पहिला तुकडा एकच, जुना 'केर्', म्हणजे प्रिय, लाडका. हा तुकडा आला जुन्या फ्रेंच भाषेतून, आणि फ्रेंचमध्ये तो आला लॅटिन 'कारुस' या शब्दावरून. 'कारुस' चे अर्थ दोन. एक, प्रिय. दुसरा, महाग. फ्रेंच माणूस आजही लाडक्या मित्राला आणि महागड्या भाजीला एकच विशेषण लावतो. उत्तरेकडे येताना भाव मागे राहिला आणि फक्त लाड पोहोचला.

हा शब्द कुणाबरोबर आला याचा अंदाज बांधता येतो. चर्चच्या लिखाणातून तर आलाच असेल; 'कारुस' वरूनच झालेल्या 'कारितास' या ख्रिस्ती प्रेमाच्या, करुणेच्या कल्पनेला उत्तरेत शब्द हवा होता. पण दुसरी वाट दरबाराची होती. १२१७ ते १२६३ या काळात नॉर्वेच्या गादीवर असलेल्या होकोन राजाला फ्रेंच दरबारी प्रेमकथांचे भारी वेड. त्याच्या सांगण्यावरून ब्रदर रॉबर्ट नावाच्या धर्मोपदेशकाने १२२६ मध्ये त्रिस्तान आणि इझोल्ड यांची फ्रेंच कहाणी नॉर्वेच्या भाषेत आणली. तलवारी, होड्या आणि भाऊबंदकी यांच्या गोष्टी ऐकणाऱ्या मंडळींसमोर प्रथमच प्रेमात झुरणारे सरदार येऊन उभे राहिले. नव्या भावनेबरोबर नवा शब्द येतो. आपल्याकडे नाही का 'अफेअर' आणि 'ब्रेकअप' आले!

आता लॅटिन 'कारुस' च्या मागे आणखी चालत गेलो तर आपण आपल्याच अंगणात येऊन पोहोचतो. 'इच्छा करणे' अशा अर्थाच्या ज्या अतिप्राचीन धातूपासून 'कारुस' झाला, त्याच धातूपासून संस्कृतातला 'काम' झाला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कामदेवातला काम, 'मनोकामना' मधला काम. (ऑफिसातले 'काम' वेगळे. ते 'कर्म' वरून आले, त्याचा इच्छेशी संबंध नाही, हे वाचकांना सांगायला नकोच.) म्हणजे स्टॉकहोममधली मुलगी ज्या शब्दाने प्रेमाचे नाव घेते, त्याचे आजोळ आपल्या मदनाच्या घराशेजारी आहे.

मुंबईत उतरलेला डॅनिश पंडित

या नात्यागोत्याचा शोध कसा लागला? त्याचे मोठे श्रेय रास्मुस रास्क या डॅनिश पंडिताकडे जाते. जुन्या नॉर्स भाषेचे मूळ शोधणारा त्याचा ग्रंथ १८१८ मध्ये छापला गेला. त्यात त्याने दाखवले की लॅटिन आणि ग्रीक शब्दांतली काही व्यंजने उत्तरेकडच्या भाषांत ठरावीक रीतीने बदलतात. 'प' असेल तिथे 'फ' होतो, 'क' असेल तिथे 'ह' होतो. लॅटिन 'पातेर' म्हणजे बाप, तर डॅनिशमध्ये 'फादर'. आपल्या 'पितृ' चाही तोच पाहुणा. लॅटिन 'कॉर्नू' म्हणजे शिंग, तर उत्तरेत 'होर्न'. पुढे १८२२ मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिमने हाच नियम विस्ताराने मांडला आणि नाव त्याचे झाले. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हाच.

रास्क मात्र पुस्तक लिहून थांबला नाही. रशिया आणि इराणमार्गे प्रवास करत तो १८२० साली मुंबईत येऊन उतरला. पारशांच्या धर्मग्रंथांची भाषा त्याला शिकायची होती. मुंबईत आणि पुढे हिंदुस्थानात, सिलोनमध्ये फिरून त्याने जमवलेली जुनी हस्तलिखिते कोपनहेगनला पोहोचली. १८२३ मध्ये तो घरी परतला आणि अवघ्या ४४ व्या वर्षी, १८३२ मध्ये वारला. उत्तरेच्या शब्दांची मुळे शोधत निघालेला माणूस आपल्या फोर्ट भागातल्या गल्ल्यांतून हिंडला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते.

रास्कच्या नियमाचा धागा धरून एक प्रश्न विचारता येतो. 'क' चा जर 'ह' होतो, तर 'काम' आणि 'कारुस' यांच्या कुळातला एखादा शब्द उत्तरेच्या घरी जन्मला असेल तर तो 'ह' ने सुरू व्हायला हवा. तसा शब्द आहे. पण तो सांगताना जरा संकोच वाटतो. तो आहे 'होरा', म्हणजे वेश्या. आणि आज तर ती शिवीच आहे. एकाच धातूची दोन लेकरे. एक घरी वाढले आणि शिवी झाले. दुसरे रोम आणि पॅरिस फिरून, झकपक होऊन परत आले आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले. शब्दांच्या दुनियेतही माहेरच्या पोरीपेक्षा फॉरेन रिटर्न पोराला मान जास्त!

शुक्रवारची देवी

मग प्रश्न पडतो, या लोकांकडे स्वतःचे असे काहीच नव्हते? होते. आपला 'प्रिय' त्यांच्याकडेही होता. नियमाप्रमाणे 'प' चा 'फ' करून पाहा. 'फ्रिया' हे त्यांच्या भाषेतले प्रेम करण्याचे जुने क्रियापद. ओदिन देवाची बायको फ्रिग, तिच्या नावाचा अर्थ 'प्रिया'. (तिच्याशी नावाने गल्लत होणारी फ्रेया ही प्रेमाची देवी वेगळी. तिच्या नावाचा अर्थ मालकीण, बाईसाहेब.) आणि आपले 'प्रेम' सुद्धा संस्कृतातल्या याच 'प्री' धातूचे. मराठीतला प्रेम हा शब्द आणि ओदिनची बायको ही एका घराण्यातली माणसे आहेत.

क्रियापद मेले, पण त्याची भावंडे जगली, आणि ती कुठे कुठे जाऊन बसली ते पाहण्यासारखे आहे. 'फ्रेन्दे' म्हणजे मुळात प्रेम करणारा. उत्तरेत त्याचा अर्थ झाला नातेवाईक. इंग्रजांनी तोच शब्द मित्रासाठी ठेवला, तो 'फ्रेंड'. उत्तरेकडच्यांना वाटले असावे की प्रेम करणारा तो भाऊबंदच असणार. ('आमच्याकडे तर उलटा अनुभव!' असे म्हणणारे वाचक असतील, त्यांची क्षमा मागतो.) 'फ्रेद' म्हणजे शांतता, तोही त्याच कुळातला. 'फ्री' म्हणजे स्वतंत्र. हे कसे? जो घरातला, लाडका, तो गुलाम नाही. म्हणून तो मोकळा. आइसलँडमध्ये मोकळ्या माणसाला 'फ्रियाल्स' म्हणतात. शब्दशः 'मोकळ्या मानेचा', ज्याच्या मानेला गुलामीचे जू नाही तो. स्वीडनमध्ये 'फ्रिया' आजही म्हणतात, पण लग्नाची मागणी घालण्याला.

आणि फ्रिगच्या नावाचा वार, 'फ्रेदाग', म्हणजे शुक्रवार. आइसलँडमध्ये मात्र तोही गेला. १२ व्या शतकाच्या सुरुवातीला होलार इथल्या योन नावाच्या बिशपला जुन्या देवांच्या नावांचे वार खपेनात. त्याने ती नावे काढून टाकायला लावली असे परंपरा सांगते. तेव्हापासून आइसलँडच्या शुक्रवारचे नाव आहे 'फोस्तुदागुर', म्हणजे उपवासाचा वार. संतोषी मातेचे शुक्रवार करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे नाव ऐकून अगदी घरच्यासारखे वाटेल.

'लव्ह' या इंग्रजी शब्दाचे कूळही उत्तरेत होते. 'लव्ह', जर्मन 'लीबे' आणि संस्कृत 'लुभ्' हे एकमेकांचे भाऊ. म्हणजे इंग्रजांचे प्रेम आणि आपला 'लोभ' यांची नाळ एकच. हिंदी किंवा संस्कृत जाणणाऱ्याला लोभ म्हटले की हावरटपणाच आठवतो, षड्रिपूंतला एक. मराठी माणसाचे तसे नाही. आपण गोड चेहऱ्याला 'लोभस' म्हणतो. आमच्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची जुनी पत्रे आहेत. पावसापाण्याची खबर, कुणाच्या मुंजीची तारीख, पैसे पोहोचल्याची पोच, आणि शेवटी न चुकता 'लोभ असावा ही विनंती'. इनलँड लेटरमध्ये जागा संपली तर हे वाक्य कडेला उभे लिहिलेले असे, पण ते वगळलेले नसे. लहानपणी मला वाटायचे, आजोबा लोकांना हाव धरायला का सांगतात! ते प्रेम मागत होते, आणि शब्दाच्या अगदी जुन्या अर्थाने मागत होते.

स्वीडनमध्ये याच 'लुभ्' कुळातला शब्द कुठे गेला असेल? शाळेच्या सुट्टीत! 'लूव्ह' या स्वीडिश शब्दाचा अर्थ आधी प्रशंसा, मग परवानगी, आणि मग शाळेतून मिळालेली मोकळीक. 'सोमर्लूव्ह' म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. जूनमध्ये शाळा सुटताना तिथली पोरे जो शब्द ओरडत पळतात, त्यात इंग्रजांचे 'लव्ह' आणि आपला 'लोभ' दोन्ही दडलेले आहेत, याची त्यांना कल्पनाही नसते.

शेपटाचे भांडण

'शेर्लेक' आणि 'केर्लिहेद' यांचे डोके एक, पण शेपूट वेगळे आहे. स्वीडिश शब्दाचे शेपूट 'लेक', आणि एरवी 'लेक' चा अर्थ खेळ. भाववाचक नाम करायला हा तुकडा लावतात, आपल्या 'पणा' सारखा. तेव्हा 'शेर्लेक' म्हणजे 'लाडका खेळ' असे कुणी कौतुकाने सांगितले तर ते मूळ घडणीपुरते खरे. रोजच्या वापरात तिकडे कुणाला त्यात खेळ ऐकू येत नाही. 'लाडकेपणा' मधला 'पणा' आपण तरी कुठे वेगळा ऐकतो?

डॅनिश आणि नॉर्वेजियन शब्दांचे शेपूट जर्मन आहे. पुन्हा बर्गनच्या धक्क्यावर यावे लागेल. हान्सा नावाच्या जर्मन व्यापारी संघाने १३६० च्या सुमारास याच ब्रुग्गेनवर आपले ठाणे मांडले. सुकवलेले मासे न्यायचे आणि धान्य आणायचे, हा त्यांचा धंदा. धान्याच्या पोत्यांबरोबर त्यांनी शब्दही उतरवले, आणि नुसते शब्द नव्हे तर शब्दांना लावायची शेपटेही. 'हेत' किंवा 'हेद' हे त्यांतले एक. त्याचे मूळ पाहिले तर नियम पुन्हा लागू पडतो : 'ह' च्या जागी 'क' ठेवा, आणि समोर येतो संस्कृत 'केतु'. तेज, चिन्ह, ध्वज. धूमकेतूमधला केतू डॅनिश प्रेमाच्या शेपटाशी बसलेला आहे. केर्लिहेदच्या मधला 'लि' हाही मजेदार आहे. तो 'देह' या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि सुटा वापरला तर डॅनिशमध्ये त्याचा अर्थ आज प्रेत असा होतो.

नॉर्वेत या शेपटावरून खरोखरच वाद झाला. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता आणि लिहिण्याची भाषा डॅनिश होती. शेतकऱ्याचा मुलगा असलेला ईवार ओसेन १८४० च्या दशकात गावोगाव फिरला, लोकांच्या बोलींतले शब्द त्याने टिपून घेतले, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये कोश छापला. या बोलींवरून त्याने जी लेखनभाषा घडवली तिला आता 'न्युनोर्स्क' म्हणतात. जर्मन शेपटे त्याला नको होती. म्हणून न्युनोर्स्कमध्ये प्रेम म्हणजे 'श्येर्लेइक', जुन्या शेपटासकट. १८८५ मध्ये दोन्ही लेखनभाषांना सरकारदरबारी सारखा दर्जा मिळाला. आज नॉर्वेतली मुले शाळेत दोन्ही शिकतात, आणि दोन्हींत प्रेम वेगळे लिहितात. पण डोके तेवढे ओसेनलाही बदलता आले नाही. फ्रेंच 'केर्' तिथेच राहिले.

गाणे रचले तर वनवास

'आस्त' हा जुना शब्द आइसलँडने तेवढा सांभाळला. तिकडे उच्चार होतो 'आउस्त', आणि स्त्रीपुरुषांच्या प्रेमालाही आज तोच वापरतात. ख्रिस्ती दयेच्या, बंधुप्रेमाच्या अर्थाने मात्र तिथेही पाहुणा 'केर्' आहेच. शब्द सांभाळणाऱ्या याच आइसलँडमध्ये एके काळी प्रेम उच्चारणे हा गुन्हा होता. 'ग्रागास' म्हणजे 'राखी हंस' अशा विचित्र नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या मध्ययुगीन कायद्यात तरतूद होती की कुणी एखाद्या स्त्रीवर प्रेमकाव्य रचले तर त्याला पूर्ण हद्दपारी. या शिक्षेचे नावच 'अरण्यात जाणे'. अशा माणसाला कुणी अन्न द्यायचे नाही, नावेत घ्यायचे नाही, आणि त्याला ठार मारले तर गुन्हा नाही. कारण सरळ होते. मुलीच्या नावाने गाणे झाले म्हणजे तिच्या बापाभावांची अब्रू गेली, आणि अब्रू गेली की कुऱ्हाडी निघत.

एगिल नावाच्या योद्ध्याची १३ व्या शतकात लिहिली गेलेली कहाणी या पार्श्वभूमीवर वाचावी. हा एगिल काळा, धिप्पाड, कुरूप आणि भयंकर तापट. इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढताना त्याचा भाऊ थोरोल्फ कामी आला. भावाची विधवा आसगेर्द नॉर्वेत होती. एगिल तिथे आपल्या आरिनब्योर्न या मित्राकडे हिवाळ्यापुरता राहिला आणि दिवसेंदिवस खिन्न होत गेला. अंगरख्यात नाक खुपसून नुसता बसून राही. मित्राने खोदून विचारले तेव्हा त्याने एक कविता म्हटली. तिच्यात बाईचे नाव होते, पण कोड्यात लपवलेले. शेवटी मित्राला त्याने खरे सांगितले : आसगेर्द. दोघांचे लग्न झाले. पण एवढा शूर माणूस, ज्याने कुऱ्हाडीला कधी भ्यायचे नाव घेतले नाही, तो एका बाईचे नाव तोंडाने घ्यायला भ्याला.

आपल्याकडेही नाव घ्यायची बंदी होती, पण ती बायकांना, आणि त्यावर आपल्या आज्यापणज्यांनी उखाणा काढला. एगिलने नाव लपवायला कविता केली, त्यांनी नाव घ्यायला केली.

'आय लव्ह यू' तिकडे कसे म्हणतात?

प्रेम करणे या क्रियापदाला सगळ्या स्कँडिनेव्हियात एकच शब्द आहे : 'एल्स्का'. (डेन्मार्क आणि नॉर्वेत 'एल्स्के'.) हा मात्र अस्सल घरचा. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो 'आला' या क्रियापदावरून आला, आणि 'आला' म्हणजे पोसणे, वाढवणे, खाऊपिऊ घालून मोठे करणे. 'अल्मा मॅटर' या लॅटिन शब्दांतली 'अल्मा', पोसणारी आई, ही याच धातूची. म्हणजे स्वीडिश माणूस 'या एल्स्कार देय' म्हणतो तेव्हा शब्दाच्या पोटात खोलवर 'मी तुला पोसतो' असे काही आहे. मला हा सगळ्यांत आवडलेला शब्द. आपल्या 'वात्सल्य' या शब्दात 'वत्स' आहे, गाईचे वासरू. तसेच काहीसे हे.

पण हा शब्द ते जपून वापरतात. इंग्रजी सिनेमातली माणसे फोन ठेवतानाही 'लव्ह यू' म्हणतात, तसे नाही. नॉर्वेत आईवडील, मुले, जिवलग मित्र एकमेकांना म्हणतात 'ग्ला ई देय'. शब्दशः 'तुझ्यात आनंदी'. 'एल्स्के' चे वजन त्याहून भारी, ते सहसा जोडीदारासाठी राखलेले. डॅनिश माणूस तर एखादी व्यक्ती आवडते हे सांगताना जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ होतो 'मी तुला चांगले सोसू शकतो'! आवडीचा शब्द आणि सोसण्याचा शब्द एकच. संसार केलेल्या मंडळींना यात काही विपरीत वाटू नये. याच्या उलट आइसलँड. तिथे 'एल्स्कान', म्हणजे 'लाडके', असे दुकानातली बाईही गिऱ्हाइकाला सहज म्हणून जाते, आपल्याकडच्या भाजीवालीच्या 'ताई' आणि 'बाळा' सारखे.

फिनलंड हा शेजारी, पण त्याची भाषा अगदी वेगळ्या कुळातली; हंगेरियन आणि एस्टोनियन तिचे नातलग. तिथे प्रेमाला 'राक्काउस' म्हणतात आणि प्रियला 'राकास'. पण इथेही उसनवारी सुटली नाही असे दिसते. अभ्यासकांच्या मते 'राकास' हा शेजारच्या जर्मानिक भाषेतल्या 'फ्राकास' सारख्या शब्दावरून घेतलेला असावा. फिनिश भाषेला शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरे पेलत नसत, ती पुढची व्यंजने गाळी. 'स्त्रांद' म्हणजे किनारा, तो फिनलंडला 'रांता' झाला, तसा हा. आणि मूळ शब्दाचा अर्थ काय होता? हावरा, अधाशी. त्याचाच भाऊबंद स्वीडिशमध्ये आज 'आगाऊ' या अर्थाने नांदतो. पुन्हा लोभच!

फिनिश व्याकरणाची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या भाषेत कर्माला दोन प्रकारे प्रत्यय लागतो. क्रिया पुरी झाली तर एक, अपुरी असेल तर दुसरा. 'मी अस्वलाला गोळी घातली' हे वाक्य घ्या. अस्वल मेले असेल तर एक रूप. नुसती झाडली असेल, अस्वल कदाचित अजून आपल्याकडेच पाहत असेल, तर दुसरे. आणि प्रेम करण्याच्या क्रियापदाला नेहमी हा दुसरा, अपुऱ्या क्रियेचा प्रत्यय लागतो. 'मिना राकास्तान सिनुआ' मधला 'सिनुआ', म्हणजे 'तुला', हा अपुरा आहे. १४ फेब्रुवारीला मात्र फिनलंडचे लोक प्रेमिकांचा दिवस म्हणत नाहीत. त्यांच्या कॅलेंडरवर तो मित्रदिन असतो.

दिलेली, विष आणि लाडके

प्रेमाचे एवढे झाले, लग्नाचे काय? डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये 'विवाहित' या अर्थाचा शब्द आहे 'गिफ्त'. आणि 'गिफ्त' चा दुसरा अर्थ आहे विष! तिकडच्या नवऱ्यांचा हा फार जुना विनोद आहे, बायकांचाही असणारच. खरे तर दोन्ही शब्द 'देणे' यावरून आले. विष म्हणजे दिलेला डोस. आणि विवाहित म्हणजे दिलेली. 'थोरली कोल्हापूरला दिली, धाकटी नागपूरला' असे आपण म्हणतो त्यातलेच हे देणे.

लग्नसोहळ्याला डॅनिशमध्ये 'ब्र्युलुप' म्हणतात, त्याचे मूळ 'वधूची धाव'. वधूला नव्या घरी नेण्याची ती मिरवणूक. संस्कृत 'विवाह' मध्येही वाहून नेणेच आहे.

लग्न न करता एकत्र राहणे स्वीडनमध्ये आता जुनी गोष्ट झाली. अशा जोडीदाराला 'साम्बो' म्हणतात, 'एकत्र राहणारा' याचे लघुरूप, आणि त्यांच्या सामाईक घरासाठी १९८७ मध्ये कायदा झाला, मग २००३ मध्ये नवा. डेन्मार्क आणि नॉर्वेतला शब्द याहून गोड आहे. तिथे प्रियकर आणि प्रेयसी दोघांनाही एकच शब्द, 'केरेस्ते', म्हणजे 'सर्वांत लाडके'. स्त्री की पुरुष, हे शब्दावरून कळत नाही. सोळा वर्षांच्या मुलाची मैत्रीण केरेस्ते आणि सत्तरीच्या आजीबाईंचे नवे स्नेहीही केरेस्ते.

बर्गनच्या त्या धक्क्यावर आणखी एक काठी सापडली आहे. तिच्यावर 'उन्ना' नाही, 'आस्त' नाही, फ्रेंच 'केर्' तर नाहीच. मजकूर एवढाच की ग्युदा म्हणते, तू घरी ये. ही ग्युदा बायको असावी, आणि निरोप जिथे पोहोचला ती जागा गुत्ता असावी, असे मानायला हरकत नाही. निरोपाच्या खाली कुणीतरी उत्तर कोरायला घेतले होते. पण हात इतका अस्थिर की त्याची अक्षरे आजवर कुणाला लागलेली नाहीत.